पंचेचाळिशीत नोकरी सोडताय? वकिली, फंड वितरण की पोळी-भाजी केंद्र

चाकणच्या एका कंपनीत पर्चेसला २१ वर्षं काढून २०१९ मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी राजीनामा दिला आणि लॉ कॉलेजात जाऊन बसलो. त्याच वर्षी आमच्या कंपनीच्या बसमधला एक मित्र म्युच्युअल फंडाचा वितरक झाला. स्टोअर्समधल्या दुसऱ्याने बायकोच्या जोडीने पोळी-भाजी केंद्र टाकलं. तेव्हापासून नोकरीला कंटाळलेली मंडळी आम्हा तिघांच्या उंबऱ्याशी फिरून जातात. 'आवड कशाची आहे?' हा त्यांचा लाडका प्रश्न. माझा प्रश्न रुक्ष आहे: पहिला पैसा किती महिन्यांनी हातात येणार, आणि तोवर किराणा कोण भरणार?

काही दारं बंदच असतात, ती आधी सांगून टाकतो. एमपीएससी खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वयापर्यंत, म्हणजे विषय संपला. शिक्षक व्हायचं तर दोन वर्षं बी.एड., मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग भरतीची वाट. मधल्या काळात खासगी शाळा काय पगार देतात त्याची गुपचूप चौकशी करा आणि मग बोला.

वकिलीचं दार मात्र उघडं आहे. पंचेचाळिशी ओलांडलेल्याला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, द्यायची नाही असा बार कौन्सिलचा एक नियम होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच रद्द केला. तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीलाही आज वयाची अट नाही, पदवीला खुल्या गटात ४५ टक्के लागतात. पण पत्राद्वारे केलेली एलएलबी सनदेला चालत नाही आणि हजेरी ७० टक्के हवी. सनदेचं शुल्क ७५० रुपयांच्या वर घेता येणार नाही असा निकाल जुलै २०२४ मध्ये आला. आम्ही हजारांत भरून बसलो होतो, असो. पुढे अखिल भारतीय बार परीक्षा. आणि खरी मेख अशी की पूर्णवेळ पगारी नोकरी करत वकिली करता येत नाही. म्हणजे एक पाय होडीत, एक धक्क्यावर, हे जमत नाही.

शिकणं सोपं गेलं, ज्युनिअर होणं जड गेलं. माझे सिनिअर माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. मी त्यांना 'सर' म्हणायचो, ते मला 'काका' म्हणायचे. पक्षकारांसमोर तेवढं म्हणू नका, अशी त्यांना हात जोडून विनंती करावी लागली. पहिल्याच महिन्यात बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) नीट न बघता चुकीच्या कोर्टात दीड तास बसलो. तिकडे पुकारा होऊन गेला आणि तारीख पडली. सरांनी जिन्यातच झापलं. कंपनीत व्हेंडर, म्हणजे माल पुरवणारे, माझ्या केबिनबाहेर तासभर बसायचे, आणि इथे मी झेरॉक्सच्या रांगेत उभा. पहिली दोन वर्षं जे मिळालं त्यातून पेट्रोल आणि चहा भागला. कॉलेजची तीन वर्षं धरली तर पाच वर्षं घर बायकोच्या बँकेतल्या पगारावर चाललं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग गाडी हलली ती जुन्या ओळखीवर. त्याच व्हेंडरांना मिळालेले चेक वटत नव्हते. न वटलेल्या चेकच्या, म्हणजे कलम १३८ च्या केसमध्ये मुदतीला फार महत्त्व: चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, ते गेले की महिन्याभरात तक्रार. चलन, इन्व्हॉइस, पीओ (खरेदीची ऑर्डर) यांची भाषा मला कुणी शिकवायला लागली नाही. पंचविशीचा वकील जी फाइल दोन दिवस चाळेल ती मला चहा संपेपर्यंत कळते. एचआरवाल्याला कामगार न्यायालयात, बांधकामवाल्याला महारेरात (घरबांधणीच्या तक्रारींचं प्राधिकरण) असाच फायदा होईल. तुमच्या जुन्या कामात कागद आणि तंटे नसतील, तर वकिलीत तुम्ही नुसतेच वयस्कर ज्युनिअर.

फंडवाल्याचं नेमकं उलट. प्रवेश अगदी स्वस्त. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची परीक्षा, शंभर गुणांची, पन्नासला पास. मग अँफीकडून, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेकडून, वितरकाचा एआरएन क्रमांक. एवढं सगळं काही आठवड्यांत उरकतं, म्हणून लोकांना हाच मार्ग सोपा वाटतो. मी त्यांना कागद-पेन घ्यायला लावतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियंत्रकाने, सुरुवातीलाच मिळणारं कमिशन बंद केलं. आता जे मिळतं ते गुंतवणूक टिकेल तोवर, थेंबाथेंबाने. पाऊण टक्का धरला तर एक कोटीवर वर्षाला ७५ हजार, म्हणजे महिन्याला ६,२५०. महिना ५० हजार हवे असतील तर लोकांचे आठ कोटी तुमच्यामार्फत गुंतलेले पाहिजेत. कुणी दरमहा पाच हजारांची एसआयपी केली तर वर्षाअखेर ६० हजार जमतात, त्यावर तुम्हाला वर्षाचे साडेचारशे.

मग आमचा मित्र तरला कसा? तो कामगार पतपेढीचा आठ वर्षं खजिनदार होता, आणि एका पैशाचा गोंधळ नाही. लोकांनी फंड बघून पैसे दिले नाहीत, त्याला बघून दिले. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला तेव्हा रात्री अकरापर्यंत त्याचा फोन वाजत होता. प्रत्येकाला तो एकच सांगायचा, 'माझेही त्यातच आहेत.' ज्याला नातेवाइकांकडे पैशाचा विषय काढायला लाज वाटते, त्याने या वाटेला जाऊ नये. काम मात्र खुर्चीतलं आहे, गुडघे दुखत असले तरी चालतं.

पोळी-भाजी केंद्रात पहिल्या संध्याकाळपासून गल्ल्यात पैसे. तिघांत हा एकच. पण आधी गाळ्याचं डिपॉझिट, ओटा, एक्झॉस्ट, १९ किलोचे सिलिंडर, अन्न परवाना यात गाठीचे पैसे जातात. मी एकदा पहाटे तिकडे गेलो होतो. पावणेपाचला परातीत कणीक तिंबून ओल्या फडक्याखाली ठेवलेली. दोन मावशी समोरासमोर, एक लाटतेय, एक भाजतेय, आणि मित्र गरम पोळ्या मोजून दहा-दहाच्या चवडी लावतोय. दिवसाला चारशे पोळ्या. एक मावशी गावच्या जत्रेला गेली की वहिनी लाटायला बसतात, मग भाजी फोडणीला टाकायची कुणी हा प्रश्न. गिऱ्हाईक बहुतेक कॉट बेसिसवर राहणारी मुलं. दिवाळीत आणि मे महिन्यात ती गावी गेली की धंदा निम्म्यावर. भाडं निम्मं होत नाही. इथे जुन्या नोकरीतलं काय उपयोगी पडलं? स्टोअर्सची शिस्त. कांदा-बटाटा, पीठ, तेल यांचा साठा तो आजही रजिस्टरला चढवतो, आणि नासाडी जवळजवळ नाही. बाकी सगळं अंगमेहनत. नवरा-बायको दोघांची तयारी नसेल तर नावच काढू नका. एकट्याच्या हौसेने टाकलेली अशी दोन केंद्रं आमच्याच रस्त्यावर बंद झाली.

वाट कुठलीही धरा, राजीनाम्याआधी तीन कागद बघा. ग्रॅच्युइटी: शेवटचं मूळ वेतन (महागाई भत्ता धरून) भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. ४० हजार आणि २१ वर्षं असतील तर सुमारे ४ लाख ८४ हजार. त्यात कुणी फार काळ बसून खाऊ शकत नाही. पीएफची पेन्शन: दहा वर्षं झाली असतील तर हक्क शाबूत, पण पूर्ण रक्कम ५८ ला. पन्नाशीनंतर आधी घेतली तर दर वर्षामागे चार टक्के कमी. आणि पगाराच्या १५ हजारांच्या मर्यादेवर २१ वर्षांचे महिन्याला फार तर साडेचार-पाच हजार होतात, त्यामुळे हवेत इमले नकोत. तिसरा कागद सगळे विसरतात, मेडिक्लेम. कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर जाते, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढून ठेवा. पोळीवाल्या मित्राला शुगर आहे, त्याने काढली नव्हती.

गेल्या महिन्यात जुन्या कंपनीतला एक जण आला. वय ४४, घराचे हप्ते चालू, बायको घरी, मुलगी दहावीत. 'वकिली कर' असं मी म्हणावं म्हणून तो मला विनवत होता, म्हणजे त्याच्या मनातला होकार त्याला माझ्या तोंडून हवा होता. त्याच्याकडे पाच वर्षं नाहीत, पाच महिने आहेत. मी त्याला आठ दिवसांची रजा टाकून पोळी-भाजी केंद्रावर पाठवलं. पहिल्या दिवशी तो सहाला पोहोचला. मित्राने मान वर न करता सांगितलं, 'कणीक झाली. आता भांडी आहेत.'

दुसऱ्या दिवशी तो साडेचारला आला म्हणे.