पॉवर ग्रिड: पुढे असलेल्यालाच महाग पडणारा बोर्डगेम

शेवटच्या राऊंडला माझी १७ शहरं जोडून झाली होती आणि तरी मी हरलो. या गेममध्ये शहरं किती जोडली ते शेवटी मोजतच नाहीत, वीज किती शहरांत पोचली ते मोजतात. माझं कचऱ्यावर चालणारं पॉवर प्लांट बंद पडलं कारण मार्केटमधला कचरा माझ्याआधी बाकीच्यांनी उचलला होता, मग उरलेल्या दोन प्लांटवर १४ च शहरं चालली, आणि १५ शहरंवाली मैत्रीण सगळीच्या सगळी १५ चालवून जिंकली. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका हा गेम डोक्यात बसतो.

फ्रिडेमान फ्रीझे या जर्मन डिझायनरचा हा गेम, आत्ताचं रूप २००४ चं. त्याआधी २००१ मध्ये आलेल्या मूळ गेममध्ये वीजवाहिन्या क्रेयॉनने बोर्डवर आखायला लागायच्या. आता शहरांमधल्या जोडणीचा खर्च नकाशावरच छापलेला असतो. एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला अमेरिका. हातात ५० इलेक्ट्रो (गेममधले पैसे) घेऊन सुरुवात करायची, प्लांटचा लिलाव, मग इंधन खरेदी, मग शहरं जोडणं, मग वीज देऊन पैसे घेणं, बस एवढंच चक्र.

खरी मजा क्रमात आहे. ज्याची शहरं जास्त तो लिलाव आधी सुरू करतो, म्हणजे पुढच्या खेपेला चांगलं प्लांट वर येईल का हे न कळता त्याला ठरवावं लागतं, आणि इंधन घ्यायला आणि शहरं जोडायला मात्र त्याचा नंबर सगळ्यात शेवटी. कोळसा १ इलेक्ट्रोपासून सुरू होतो आणि उचलला तसा महाग होत जातो, त्यामुळे शेवटच्याला ८ ने घ्यायला लागला की पोटात गोळा येतो. म्हणून चांगला खेळाडू मुद्दाम एखादं शहर कमी जोडतो, दबा धरून बसतो आणि बरोबर वेळ बघून एकदम चार-पाच शहरं जोडून टाकतो. मला हा विचार अजून जमत नाहीये पण तो शिकण्यासाठीच मी पुन्हा पुन्हा खेळतोय.

एक खंत आहे. खऱ्या ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या जाळ्यात, मागणी आणि पुरवठा दर क्षणाला जुळवावा लागतो, नाहीतर फ्रीक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) ढासळते, आणि एक लाइन गेली की तिचा भार शेजारच्या लाइनवर येऊन तीही ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. गेममध्ये वाहिनी एकदा जोडली की कायमची, लोड नाही, बिघाड नाही. आणि गंमत बघा, बोर्डवरच्या दोन्ही नकाशांनी हे भोगलंय. ऑगस्ट २००३ मध्ये ओहायोत वाढलेल्या झाडांना वाहिन्या टेकल्या, कंट्रोल रूमची अलार्म सिस्टिम बंद पडलेली, आणि अमेरिका-कॅनडात सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. नोव्हेंबर २००६ मध्ये जर्मनीत एम्स नदीतून एक मोठं जहाज जावं म्हणून वरची लाइन बंद केली आणि युरोपच्या ग्रिडचे तीन तुकडे झाले! यातलं थोडं जरी गेममध्ये उतरलं असतं तर मी अजून खूश झालो असतो. पण इंधनाचा बाजार मात्र अगदी खरा वाटतो, सगळे कोळशामागे लागले की तेलवाला निवांत, मग सगळे तेलाकडे वळतात आणि कोळसा परत स्वस्त.

चार-पाच जण असतील तरच घ्या, दोघांत लिलावाला धार येत नाही. दोन तास धरून चाला, शेवटी प्रत्येकजण बेरजा करत बसतो तेव्हा जरा रेंगाळतं. कागदी नोटा पटकन चुरगळतात, आम्ही पोकर चिप्स वापरतो, हिशोबही लवकर होतो.