परड्यातली एकच जागा: सफरचंद लावू की जाम?

नेहमीच्या सफरचंदाला हिवाळ्यात 7 अंशांखालचे 800 ते 1000 तास मिळाले, तर कुठे डोळे नीट फुटतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर ऐन पौषातही पारा 15 च्या खाली क्वचितच जातो, म्हणून काश्मिरी कलम आणूच नका. उरतात कमी थंडीच्या जाती: अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डन आणि हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांची एचआरएमएन-99. पहिल्या दोघींना एकमेकींचे परागकण मिळाले तर फळ चांगलं धरतं, म्हणजे जागाही दोन हव्यात. तिसरी एकटी चालते, 40 अंशांचं ऊनही सोसते. पण आपल्याकडे अडचण उन्हाची नाहीच, पावसाची आहे. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटर पाणी पडतं.

माझं हरिमन पाच वर्षांचं आहे. थंडीत त्याची पानं आपणहून गळत नाहीत, म्हणून डिसेंबरात एकेक पान हाताने खुडतो. इंडोनेशियात मलंगकडचे बागायतदारही असंच करतात, फक्त त्यांच्या बागा डोंगरात उंचावर आहेत. यंदा सात फुलं आली, दोन फळं धरली, लिंबाएवढी. तरी घरातल्या सगळ्यांनी ती हातात घेऊन पाहिली.

सोबतीला काय लावायचं? झेंडूने मुळांवरच्या सूत्रकृमींना आळा बसतो, चवळीने जमिनीला नत्र मिळतं. मीही चवळी लावली. आषाढात तिचे वेल बुंध्याला बिलगले, खाली ओल कोंडली आणि साल मऊ पडली. नखाने दाबली की तपकिरी पाणी यायचं. तेव्हापासून चिरे रचून उंच गादी केली, बुंध्याभोवती दोन हात मोकळे ठेवले आणि झेंडू कडेला नेला.

जामाला, म्हणजे घंटेसारखं पाणीदार फळ देणाऱ्या झाडाला, एवढे लाड नकोत. मृगात गुटी कलम लावा, तीन-चार वर्षांत फळ हाती येतं. पाय ओले चालतात, म्हणून न्हाणीच्या पाण्यावरही वाढतो. बहर आला की खाली पांढऱ्या केसरांचा सडा पडतो, मधमाश्या सकाळभर हलत नाहीत. सावली दाट, तेव्हा खाली हळद, आलं, सुरण. फळमाशी आणि वटवाघळांचा त्रास आहेच, आणि काढलेलं फळ दोन दिवसांत मलूल होतं. बाजाराच्या भरवशावर लावू नका.

जागा एकच असेल तर मी जाम सांगेन. हरिमन लावायचं तर दुसरी, उताराची जागा आणि झाडाकडे रोज बघणारं माणूस हवं. खड्डा मारून झाला असेल तर त्यात दोन घागरी पाणी ओता. तासाभरात जिरलं नाही, तर तिथे जामच लावा.