मालदीवमध्ये डायव्हिंग: सामान घरून न्यावं की तिथे भाड्याने घ्यावं?

सिलिंडर आणि शिशाची वजनं तिथेच मिळतात, प्रश्न बाकीच्या सामानाचा. बीसीडी (हवा भरून पाण्यात तरंगणं सांभाळणारं जॅकेट), रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण) आणि फिन्स (पायात घालायची वल्ही) मिळून सहज ८-१० किलो भरतात. मालेहून पुढे सीप्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) असेल तर वजनाची मर्यादा आणखी जाचते. म्हणून वर्षातून एखाद्या वेळी पाण्यात उतरणाऱ्याने हे सगळं भाड्याने घ्यावं. नेहमी डाइव्ह करणाऱ्याला मात्र स्वतःचा, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केलेला रेग्युलेटर नेणं परवडतं.

मास्क प्रत्येकाने स्वतःचाच न्यावा, याबद्दल मी ठाम आहे. भाड्याचा मास्क चेहऱ्याला नीट बसला नाही तर मासे बघायचे सोडून आत शिरलेलं पाणी काढत बसावं लागतं. चष्मा असेल तर नंबरच्या काचा आधीच बसवून घ्या. डाइव्ह कॉम्प्युटरही (खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र) स्वतःचाच बरा, कारण आदल्या डाइव्हमध्ये शरीरात साठलेला नायट्रोजन त्याच्या हिशेबात असतो. रोज वेगळा हाती आला तर तो हिशेब तुटतो. वेटसूट (ऊब टिकवणारा रबरी पोशाख)? पाणी २७ ते ३० अंश, भाड्याचा ३ मिलिमीटर जाडीचा पुरतो.

टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवा. अनेक डाइव्ह झाल्यावर साठलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून विमानाआधी किमान १८ तास मोकळे हवेत. सीप्लेनलाही तेच लागू.