केरिचोच्या थंडीतली सोलापुरी चादर: आठ महिन्यांनंतर

माझी धाकटी मुलगी गेल्या जूनमध्ये केनियाला गेली, केरिचो गावी, आमच्या चर्चच्या मंडळीकडून मिशनरी म्हणून. वय चोवीस. तिथल्या मंडळीतल्या मुलांना शिकवायचं, आजाऱ्यांना भेटायचं, रविवारी उपासनेला हातभार लावायचा, असं दोन वर्षांचं काम आहे. जाताना तिच्या बॅगेत दोन सोलापुरी चादरी घातल्या. एक चांगली निघाली, एक वाईट. दोन्हींबद्दल लिहितो, कारण सोलापुरातून बाहेर जाणारं प्रत्येक पोर चादर घेऊन जातं आणि घरचे लोक घडी न उलगडता पैसे देतात. मी एकतीस वर्षं यंत्रमागावर काढली, तरी मीही तेच केलं. त्याची रुखरुख अजून आहे.

पहिली चादर घाईत घेतली. तिकीट, कागदपत्रं, पिवळ्या तापाची लस, सगळं एकाच पंधरवड्यात आलं. (लशीचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. कुणाचं पोर तिकडे जाणार असेल तर हे काम सगळ्यात आधी उरका.) आफ्रिका म्हणजे ऊन, असा आमचा समज. आम्ही मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश सोसणारी माणसं, त्यामुळे वाटलं, तिला पातळच बरी. रस्त्यावरच्या एका दुकानातून चिठ्ठीवर ‘सोलापूर’ छापलेली चादर उचलली. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी हातात घेतली आणि म्हणाल्या, “ही काय पांघरायची की पुसायची?” दुसऱ्या दिवशी त्या स्वतः चाटी गल्लीत गेल्या आणि जड चादर घेऊन आल्या. साडेआठशे रुपये. वाण्याच्या काट्यावर एक किलो चारशे ग्रॅम भरली. विमानाच्या सामानाचं वजन मोजूनमापून चाललेलं, मी कुरकुरलो. त्या म्हणाल्या, “पुस्तकं दोन कमी करा, चादर जाईल.”

आता केरिचो कसं आहे ते ऐका. विषुववृत्ताला अगदी लागून, पण उंची दोन हजार मीटरच्या आसपास, आपल्या महाबळेश्वरहून कितीतरी वर. चारी बाजूंनी चहाचे मळे. जवळजवळ वर्षभर दुपार कलली की पाऊस. जून ते ऑगस्ट सगळ्यात गार, रात्री दहा-अकरा अंशांवर उतरतं. पहिल्या रात्री तिचा फोन आला तेव्हा आमचे साडेनऊ वाजले होते, तिचे सात. “पप्पा, लई गार आहे हो. अंगात दोन स्वेटर घालून बसलीय.” पातळ चादर वरच होती, ती पांघरून ती रात्रभर कुडकुडली. जड चादर बॅगेच्या तळाशी होती, ती दुसऱ्या दिवशी निघाली. तेव्हापासून रोज तीच.

ह्या ऊबेचं कारण विणीत आहे. खरी जकार्ड चादर, म्हणजे नक्षी मागावरच विणलेली, ती एकमेकांत गुंफलेल्या दोन थरांची. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असला, तर उलटीकडे पांढऱ्या जमिनीवर लाल मोर दिसतो. मोराच्या पोटाच्या जागी चिमटीत धरून चोळा, दोन पदर बोटांना वेगवेगळे लागतात आणि एकमेकांवर सरकतात. नक्षीच्या कडेला मात्र ते अदलाबदल होऊन घट्ट बांधलेले असतात. मधे जी हवा अडकते ती थंडी आत येऊ देत नाही. माझ्या पहिल्या चादरीत हे काहीच नव्हतं. एकपदरी कापड, वर छापलेली नक्षी, पाठीमागे फिकट झालेली. ती सोलापुरात विणलेलीच नसावी, असं माझं मत. सोलापुरी चादरीला 2005 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेर विणलेला माल आपल्या नावावर खपवला जातोच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पाळीवर उभं राहून ज्यांचे कान मागाच्या आवाजानं बसले, त्यांच्या पोटावर हा पाय आहे.

चांगल्या चादरीतही एक दोष सांगतोच. लाल रंग सुटला. पहिली धुलाई आपण इथेच मिठाच्या पाण्यात करून द्यायला हवी होती, ते राहिलं. तिनं तिकडे बादलीत भिजवली आणि सोबतचा पांढरा कुडता गुलाबी झाला. दोन-तीन धुण्यांनंतर रंग थांबला. दुसरी अडचण वाळवण्याची. त्या पावसात जड चादर वाळायला दोन-दोन दिवस लागतात. ती आता सकाळी लवकर धुऊन पहिल्या उन्हात टाकते आणि दुपारी ढग आले की घरातली म्हातारी बाई ओरडून सांगते.

त्या बाईंकडेच ती एका खोलीत राहते. त्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात, स्वाहिलीत मामा म्हणजे आई. आमच्या सौभाग्यवतींना हे ऐकून आधी डोळ्यांत पाणी आलं, मग म्हणाल्या, बरं झालं, तिथं कुणीतरी आहे. भाषा तिनं त्यांच्याकडून उचलली. चहाला तिकडेही ‘चाई’, चपातीला ‘चपाती’, एवढ्यावर सुरुवात झाली. पण घड्याळानं तिला चकवलं. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळच्या सातला एक वाजला म्हणतात. प्रार्थनेची वेळ ‘सा तातू’, म्हणजे शब्दशः तीन, असं कळलं म्हणून ही दुपारी तीनला जाऊन पोचली. प्रार्थना सकाळी नऊलाच होऊन गेली होती. त्या दिवशी फोनवर खूप रडली. मी काय बोलणार? एवढंच म्हणालो, बाळा, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मिशनरी 1813 साली अमेरिकेहून मुंबईला उतरले, तेव्हा त्यांना तरी कुठं मराठी येत होतं. त्यांच्या मिशननं पुढे आपल्याकडं जे केलं त्यातूनच आपल्या घराण्यात आज्याला अक्षर आलं. आपल्या गल्लीला जे मिळालं ते तू दुसऱ्या गल्लीत घेऊन गेलीयस, वेळ लागणारच.

जायच्या आधल्या रविवारी तिला भय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकातही नेलं होतं. 1938 साली हा सोलापूरचा मुलगा वैद्यकीय पथकातून चीनला गेला, तिथली भाषा शिकला, तिथलाच झाला, आणि 1942 मध्ये तिथेच वारला. ती त्या तसबिरीपुढं बराच वेळ उभी होती. मला भीती वाटली होती, ती बोललो नाही.

खाण्याचं थोडक्यात. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या कडक भाकरी तीस दिल्या होत्या, चादरीच्या घडीत ठेवून. निम्म्यांचा चुरा झाला, पण चव गेली नाही. चुरा दुधात घालून संपला. शेंगा चटणी मात्र आणखी दोन किलो द्यायला हवी होती. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला उगाली आणि सुकुमा विकीची पालेभाजी हे तिकडचं रोजचं जेवण, त्यावर ही चटणी घेतली की तिला घरचं वाटतं. मामांनी चाखली आणि विचारलं, ह्यात कारांगा आहे ना? कारांगा म्हणजे शेंगदाणे. मग बाजारातून आणून दोघींनी खलबत्त्यासारख्या लाकडी भांड्यात कुटली, तेल सुटेस्तोवर. ज्वारी तिकडेही मिळते, ‘म्तामा’ म्हणतात. ज्वारी मूळची आफ्रिकेचीच. मुलीनं त्या पिठाची भाकरी थापली, दोनदा मोडली, तिसऱ्यांदा जमली.

घेणाऱ्यांनी एवढं करा. वजन करून घ्या, सव्वा किलोच्या आतली डोंगराळ भागासाठी नको. पूर्ण उलगडून उजेडात दोन्ही बाजू बघा, चिमटीत पदर सरकवा, दशांच्या गाठी ओढून बघा. गडद लाल टाळा किंवा घरी दोनदा धुऊन द्या.

गेल्या आठवड्यात तिचा निरोप आला. मामांना सर्दी-खोकला होता, तर आपली चादर तिनं त्यांना पांघरली आणि मामांनी ती परत दिलीच नाही. “मागायला पण जमंना मला, पप्पा. दुसरी पाठवा, त्यांच्यासाठी निळी.” एप्रिलमध्ये मंडळीतलं एक जोडपं नैरोबीला जाणार आहे, त्यांच्याकडे ती द्यायची आहे. चाटी गल्लीतल्या दुकानदारांचे स्वतःचे माग आहेत. त्यांना सांगून ठेवलंय, निळा मोर सोमवारी मागावरून उतरला की घडी घालायच्या आत मला हाक मारा.