तळी-डोंगरांसाठी ओल्या कलोडियनचा तयार संच

फ्रेडरिक स्कॉट आर्चरने 1851 मध्ये मांडलेली, ओल्या काचेवर फोटो काढायची पद्धत घराबाहेर करायची तर हा संच बऱ्यापैकी कामाचा आहे. कलोडियन, म्हणजे काचेवर ओतायचा चिकट द्राव, छान वाहतं, काचेवर एकसारखं पसरतं. मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात काच तीनेक मिनिटं ठेवली की ती प्रकाश टिपायला तयार. खरी घाई पुढे. दहा-पंधरा मिनिटांत फोटो काढून डेव्हलप झालाच पाहिजे, उन्हात त्याहूनही लवकर. थर वाळला की काच वाया. म्हणून सोबतचा काळोखी तंबू महत्त्वाचा, आणि नेमका तोच तकलादू. डोंगरवाऱ्यात कापड फडफडतं, धूळ ओल्या थरावर बसते, प्रत्येक कणाचा एक ठिपका होतो. डेव्हलपर एका झटक्यात, न थांबता ओता, नाहीतर रेघ उमटते. काचेच्या कडा घासल्या नाहीत तर धुताना थर सोलून निघतो. संचात घासायचा दगडच नाही, हे खटकतं.

आकाश पांढरंफट आलं तर मात्र संचाला दोष देऊ नका. कलोडियनला मुख्यतः निळा प्रकाशच 'दिसतो', त्यामुळे निळं आकाश फार उजळतं. म्हणून तर फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे काही समुद्रचित्रांत आकाशाची वेगळी निगेटिव्ह जोडायचा. थरावर शेवटी लावायचं सँडरॅकचं (एका झाडाच्या राळेचं) वार्निश उत्तम. काच कोमट करूनच ओता.