वायफायचं सरकतं बटण: आयडब्ल्यूएलवायफाय आणि एटीएच९के, उन्हाळा-पावसाळा वापरून

परभणीच्या सेवा केंद्रात ऐन पीकविम्याच्या गर्दीत वायफाय तुटायला लागलं, म्हणून हे लिहितोय. एकाच मॉडेलचे दोन सेकंडहँड लॅपटॉप, दोन्हींवर लिनक्स. एकात इंटेलचं मिनी पीसीआय एक्सप्रेस वायफाय कार्ड, दुसऱ्यात अथेरॉसचं. इंटेलचं कार्ड चालवणारा लिनक्स ड्रायव्हर आयडब्ल्यूएलवायफाय, अथेरॉसचा एटीएच९के. दुरुस्तीवाला म्हणाला, "इंटेलचं कार्ड गेलंय, नवीन टाका." कार्ड ठणठणीत आहे, पैसे घालवू नका.

सुरुवातीपासून इंटेलच उजवं वाटायचं. लॅपटॉपवरचं वायफाय बंद-चालूचं बटण सरकलं की कार्ड इंटरप्ट (तातडीचा इशारा) देतं आणि आयडब्ल्यूएलवायफाय त्याच क्षणी कर्नलच्या आरएफकिलला (rfkill, रेडिओ बंद-चालू सांभाळणारी यंत्रणा) हार्ड ब्लॉक, म्हणजे बटणाने घातलेली बंदी, कळवतो. एटीएच९के साधारण दर ५ सेकंदांनी कार्डाचा जीपीआयओ (बटणाची स्थिती सांगणारी पिन) वाचतो, तोवर पडद्यावर जुनीच स्थिती. याचा मला फार वैताग यायचा.

आता मत बदललंय. इकडच्या उन्हाळ्यात बारीक धूळ बटणात शिरते आणि कॉन्टॅक्ट क्षणभर सुटतो. 'आरएफकिल इव्हेंट' ही कमांड चालू ठेवून लॅपटॉप नुसता उचलून ठेवा. इंटेलवाल्यावर ओळींमागून ओळी येतात: टाइप १ (वायफाय), ऑप २ (बदल), हार्ड १ (बंद), लगेच हार्ड ० (चालू). प्रत्येक वेळी रेडिओ बंद, कनेक्शन तुटलं. नेटवर्कमॅनेजर (लिनक्समधला नेटवर्क जोडणारा प्रोग्राम) पुन्हा जोडेपर्यंत पोर्टलचं लॉगिन गेलेलं आणि शेतकरी रांगेत उभा. एटीएच९केला दोन वाचनांमधला असा झटका बहुतेक वेळा दिसतच नाही. बटण झिजलेलं असेल तर हा संथपणाच कामाचा.

आधी 'आरएफकिल लिस्ट' बघा. सॉफ्ट ब्लॉक (सॉफ्टवेअरने घातलेली बंदी) असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' पुरतं. हार्ड ब्लॉक कुठल्याही कमांडने निघत नाही. वायरलेस लॅनच्या दोन नोंदी दिसल्या तर गोंधळू नका: फाय० ही कार्डाची, दुसरी लॅपटॉपच्या प्लॅटफॉर्म ड्रायव्हरची. पुढे दिलेला टेपचा इलाज फक्त फाय०ला लागू पडतो.

बॅटरी काढून बटणात कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि बटण वीसेक वेळा मागंपुढं करा. पुन्हा धूळ बसेपर्यंत चालतं. कायमचं हवं असेल तर कार्डाची २० नंबरची पिन टेपने झाका. ती सम आकड्यांच्या, म्हणजे खालच्या बाजूला असते. खाचेपासून लांब पट्टीकडे मोजल्यास दुसरी. ही रेषा खाली ओढली गेली की रेडिओ बंद होतो. झाकली की कार्ड तिला वरच धरतं. टेपची पट्टी एका पिनेएवढीच कापा, शेजारची १८ नंबरची ग्राउंड आहे आणि २२ नंबरची रीसेटची. टेप कॅप्टॉनच (Kapton, उष्णता सोसणारी) घ्या. साधा सेलोटेप मे महिन्यात चिकट होऊन सॉकेटमध्ये उतरतो.

टेपनंतर बटण निकामी होतं. वायफाय बंद करायला 'आरएफकिल ब्लॉक वायफाय' वापरा. पण सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्राम) ही स्थिती जपून ठेवतो आणि रीबूटनंतर तीच लावतो, तेव्हा लाईट येऊन मशीन पुन्हा चालू झालं की आधी अनब्लॉक करायचं.