मऊ वाळू, मागे कॅम्पर ट्रेलर आणि रिकव्हरी बोर्ड: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

रिकव्हरी बोर्ड, म्हणजे रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या दातेरी फळ्या, त्यांचे रिव्ह्यू शोधायला गेलं की ढिगाने सापडतात, पण जवळपास सगळे एकट्या गाडीचे. फोर बाय फोर रुतली, चाकाखाली बोर्ड सरकवले, गाडी वर आली, विषय संपला. मागे हजार-बाराशे किलोचा कॅम्पर ट्रेलर जोडलेला असताना तेच बोर्ड कसे वागतात हे फार कोणी लिहीत नाही, आणि ज्यांना समुद्रकिनाऱ्यावर ट्रेलर घेऊन मुक्कामाला जायचंय त्यांना नेमकं तेच कळायला हवं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी निकाल सांगतो. चांगल्या प्रतीचे बोर्ड घ्याच, पण ट्रेलर ओढणार असाल तर दोन घेऊन भागणार नाही, चार घ्या. आणि टायरची हवा कमी न करता ते वापरणार असाल तर घेऊच नका, पैसे अक्षरशः वाळूत जातील.

आमच्याकडे आहेत ते मॅक्सट्रॅक्सचे, ऑस्ट्रेलियन कंपनी आहे, फायबर मिसळलेल्या नायलॉनचे बोर्ड, लांबी 1150 मिमी आणि रुंदी 330 मिमी, वर दातांच्या रांगा, टोकाला उतार आणि हात घालायला खाचा. त्याच्या आधी एक स्वस्तातली जोडी होती, कंपनीचं नाव घेत नाही. ती जोडी गाडीखाली ठीक चालायची पण ट्रेलरचं चाक वरून गेल्यावर मधोमध वाकली ती वाकलीच, परत सरळ झाली नाही, आणि दात असे गोल झाले की टायर नुसता वरच्यावर घसरायचा. नायलॉनचा बोर्ड सुद्धा वाकतो, चांगला धनुष्यासारखा वाकतो, पण बाहेर काढून ठेवला की आपला मूळ आकार धरतो. हा फरक दुकानात हातात घेऊन कळत नाही, वजन पडल्यावरच कळतो.

आता ट्रेलरने नक्की काय बदलतं ते बघू. गाडीच्या चारही चाकांना ताकद मिळते, ट्रेलरच्या चाकांना काहीच नाही, ती फक्त ओढली जातात. मऊ वाळूत ओढलं जाणारं चाक आपल्यापुढे वाळू ढकलत राहतं आणि चाकासमोर एक छोटी पाचर तयार होते, गाडी थांबली की ती पाचर तिथेच बसून राहते. परत निघताना गाडीला स्वतःचं वजन तर हलवायचंच असतं, वर ट्रेलरला त्या पाचरीवर चढवायचं असतं. त्यात हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलरच्या जोडावर, पडणारं वजन, म्हणजे साधारण ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्के, ते गाडीच्या मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे जी चाकं सगळ्यात जास्त जोर लावतायत तीच आधी खाली जातात. एकट्या गाडीचा अनुभव इथे कामाला येत नाही तो यामुळे.

त्यातून ट्रेलरच्या दोन चाकांमधलं अंतर गाडीपेक्षा वेगळं असेल तर अजून कठीण. गाडीने वाळू दाबून जो चाकोरीचा रस्ता केलेला असतो त्यावरून ट्रेलर जात नाही, शेजारी स्वतःचे दोन नवीन चर पाडत जातो. ट्रेलर निवडताना हे अंतर आणि चाकांचा साइज गाडीशी जुळतोय का हे मी तंबूचं कापड, किचन, बॅटरी या सगळ्याच्या आधी बघेन. स्पेअर व्हील दोन्हीकडे चालतं हा वरचा फायदा.

हवेबद्दल बोलल्याशिवाय बोर्डाचा रिव्ह्यू पूर्ण होत नाही. डांबरी रस्त्यावर 36 ते 40 पीएसआय ठेवत असाल तर वाळूवर उतरायच्या आधीच गाडीचे टायर 18-20 वर आणायचे, आणि ट्रेलरचे सुद्धा. इथेच बहुतेक लोक चुकतात, गाडीची हवा मन लावून सोडतात आणि ट्रेलरचे टायर तसेच टणक राहतात, मग ते नांगरासारखे वाळू फाडत येतात आणि लोक म्हणतात गाडीत दम नाही. हवा कमी केल्यावर टायर रुंद होतो असं सगळ्यांना वाटतं, तसा थोडा होतोही, पण खरा फायदा लांबीत असतो, टायरचा जमिनीला टेकलेला भाग लांब होतो आणि वजन जास्त वाळूवर पसरतं. एवढ्यावर जमलं नाही तर 15-16 पर्यंत जायचं, त्याच्याही खाली गेलात तर अगदी हळू चालवायचं आणि वळण मोठं घ्यायचं, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. आणि परत डांबरावर आलं की कंप्रेसर काढून आधी हवा भरायची, कमी हवेत वेगाने पळवलेला टायर तापतो आणि फाटतो.

ही अक्कल नवीन नाहीये बरं का. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी 1920 च्या दशकाच्या शेवटी इजिप्तमधून लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या घेऊन जायचा, त्याने कमी हवा आणि चाकाखाली टाकायचे लोखंडी चॅनल या दोन्ही गोष्टी घासूनपुसून पक्क्या केल्या. ते चॅनल त्याला कैरोतल्या भंगारात मिळाले होते, पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या छपराचं सामान. पुढे 1940 मध्ये त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही ब्रिटिश लष्कराची वाळवंटातली तुकडी उभी केली तेव्हा त्यांच्या ट्रकवर हेच चॅनल बांधलेले असायचे. आज आपण जे रंगीत प्लास्टिक मिरवतो त्याचे आजोबा ते. मला हे वाचून फार भारी वाटलं होतं.

आता प्रत्यक्ष वापर. गाडी पुढे जायचं बंद झाली की ॲक्सिलरेटर लगेच सोडायचा, चाक फिरत राहिलं की दर सेकंदाला खाली जाता. मग पहिला प्रयत्न मागे यायचा, आपल्याच चाकोरीत, पण ट्रेलर अगदी सरळ रेषेत असेल तरच, आणि अर्धा-एक मीटर पुरतो. ट्रेलर तिरका असेल तर रिव्हर्सचा मोह टाळा, मऊ वाळूत तो घडी पडल्यासारखा गाडीकडे वळतो आणि मग खरी पंचाईत होते.

तेवढ्याने सुटलं नाही की फावडं. बोर्डाआधी फावडं, हे कितीही वेळा सांगितलं तरी लोक थेट बोर्ड कोंबायला जातात. लांब दांड्याचं फावडं घ्या, कारण वाळू काढायची असते ती गाडीच्या पोटाखालून, डिफरन्शियलच्या समोरून आणि ट्रेलरच्या ॲक्सलच्या समोरून, आखूड दांड्याने तिथपर्यंत हात जात नाही. ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी फ्रेमखाली आणि स्टोन गार्डखालीही (उडणारे दगड अडवणारी जाळी) बघा, तिथे वाळूचा बांधच साठलेला असतो आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. चाकासमोरची पाचर काढून तिथे उतार करायचा, आणि मग बोर्ड त्या उतारावर बसवायचा, चाकाला अगदी भिडवून.

पहिली जोडी गाडीच्या मागच्या चाकांसमोर, कारण तिथे वजन आहे. दुसरी जोडी ट्रेलरच्या चाकांसमोर, आणि चार घ्या म्हणतोय ते यासाठीच. दोनच बोर्ड असतील तर काय होतं, गाडी बोर्डावर चढते, मीटरभर पुढे येते, बोर्ड संपतो आणि नेमक्या त्या क्षणी ट्रेलर आपल्या पाचरीला अडकलेला असतो, गाडी परत खाली बसते. मग बोर्ड उकरा, पुढे नेऊन लावा, परत मीटरभर. ट्रेलरखालीही बोर्ड असले की तो सुरुवातीलाच उचलला जातो आणि गाडीला वेग धरायला जागा मिळते. आमच्या सेटअपला सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असेल तर याने.

बोर्डावर चढताना लो रेंज (फोर बाय फोरमधली कमी वेग, जास्त जोराची सोय), खालचा गिअर, आणि अगदी हलका पाय. चाक बोर्डावर जागच्या जागी फिरलं तर दोन-तीन सेकंदात दात वितळतात, तो जळक्या प्लास्टिकचा वास येतो आणि टायरच्या खाचांत रंगीत चुरा दिसतो. नायलॉनचे असले तरी वितळणारच, त्यात कंपनीचा दोष नाही. याच कंपनीचे धातूचे दात असलेले बोर्डही मिळतात, पण पाय हलका ठेवला तर साधे पुरतात असं माझं मत. आणि एकदा निघालात की कडक वाळू लागेपर्यंत थांबायचं नाही, बोर्ड मागे राहिले तर राहू देत, चालत येऊन घेता येतात. गाडीच्या मागे-पुढे माणूस उभा नको, बोर्ड कधीकधी चाकाखालून जोरात मागे उडतो.

रंगाबद्दल लोक हसतात, पण भडक केशरीच घ्या. ट्रेलर वरून गेल्यावर बोर्ड वाळूत असा गाडला जातो की दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला हातभर दोरी बांधून ठेवायची आणि तिचं टोक वर सोडायचं. दोरी ओढून नाही निघाला तर मागच्या टोकाकडून थोडं उकरायचं, निघतो.

बोर्ड कुठे कमी पडतात तेही सांगतो. ट्रेलर ॲक्सलपर्यंत बसला असेल तर चार बोर्ड लावूनही ओढत बसू नका, ट्रेलर सोडवा. जॉकी व्हील, म्हणजे सोडवलेल्या ट्रेलरचं पुढचं टोक पेलणारं छोटं चाक, थेट वाळूवर टेकवलं तर ते नुसतं खाली जातं, त्याखाली बोर्ड उलटा घालून बघितला, पण चाक खाचांत अडकतं आणि ट्रेलर सरकवता येत नाही, त्यापेक्षा जाड प्लायवूडचा चौकोनी तुकडा कितीतरी चांगला. चाकांना अडसर लावायचा, गाडी एकटी कडक वाळूवर न्यायची आणि अडसर काढून तिथून लांब पट्ट्याने ट्रेलर ओढायचा. पट्टा दोन्हीकडे रेटेड रिकव्हरी पॉइंटलाच, म्हणजे ओढण्याचा ताण सोसण्यासाठीच बनवलेल्या हुकाला. हिचच्या गोळ्याला कधीही नाही, तो जोराने तुटून गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसं मेलेली आहेत, या बाबतीत कोणाची घाई, कोणाचा आग्रह ऐकू नका.

आणि बोर्ड काढायची वेळच येऊ नये यासाठी ओहोटीच्या आसपास जा, पाणी उतरलेल्या ओल्या पट्ट्यावर वाळू घट्ट असते, सगळ्यात वाईट जागा म्हणजे किनाऱ्यावर उतरायचा रस्ता, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी वाळू पार घुसळलेली असते. थांबायचं तर ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्यायची, ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर त्यांचा जोर कंट्रोलरवरून कमी करून ठेवायचा, नाहीतर ट्रेलरची चाकं लॉक होतात आणि समोर ती पाचर हमखास. शक्य असेल तर उताराकडे तोंड करून थांबा.

बोर्ड ठेवायचे कुठे, हा प्रश्न सगळे विचारतात. गाडीच्या छपरावर दिसायला छान दिसतात पण वाळूत उभं राहून, थकल्यावर, छपरावरून चार बोर्ड काढणं नको वाटतं. आम्ही ट्रेलरच्या पुढच्या टूलबॉक्सच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर ब्रॅकेट लावलाय, चारही एकात एक बसतात आणि हात घातला की निघतात. ब्रॅकेटच्या पिनांना कुलूप मात्र लावा. घरी आल्यावर ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग, ब्रेक आणि खालची फ्रेम गोड्या पाण्याने धुताना बोर्डही धुवायचे, खाचांत खारी वाळू राहिली की ब्रॅकेटचे नटबोल्ट गंजतात.

दोन ॲक्सलचा मोठा जड कॅरव्हॅन असेल तर मात्र चार बोर्डांवर विसंबून मऊ वाळूत उतरू नका, तिथे सोबत दुसरी गाडी किंवा विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) हवाच. एका ॲक्सलच्या, दीडएक टनाच्या आतल्या कॅम्परसाठी हे बोर्ड मी डोळे झाकून सुचवेन, फक्त त्याच खरेदीत फावडं, प्रेशर गेज आणि कंप्रेसर बसत नसेल तर आधी ते तीन घ्या आणि बोर्ड नंतर.